स्लीव्ह, मिनी बायपास की मोठा बायपास? आमच्या घरातली तीन ऑपरेशनं आणि त्यानंतरचं खाणं

आमच्या घरात वजन कमी करायची तीन ऑपरेशनं झालीयेत. मामाचं २०१९ ला, माझं २०२१ ला आणि मोठ्या जाऊबाईंचं २०२२ ला. तिघांची तीन वेगळी, मामाचा मोठा बायपास ज्याला डॉक्टर आर-वाय म्हणतात, माझी स्लीव्ह आणि जाऊबाईंचा मिनी बायपास. त्यामुळे ओळखीत कुणाच्याही मनात ऑपरेशनचं आलं की फोन आमच्याकडेच येतो आणि पहिला प्रश्न एकच असतो, किती किलो गेले? मी किलो सांगते, पण मला खरं सांगायचं असतं ते त्याच्या पुढचं, म्हणजे नंतर रक्तात काय काय कमी पडतं, कोणत्या ऑपरेशनमध्ये काय जास्त कमी पडतं आणि ते आयुष्यभर भरून काढायची तुमची तयारी आहे का. माझं मत आता पक्कं झालंय की ऑपरेशन कुठलं करायचं हे दुसऱ्याचे गेलेले किलो बघून ठरवू नका, स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट आणि स्वतःचं ताट बघून ठरवा.

आधी माझं सांगते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४५ च्या वर. गुडघे, धाप, रात्री घोरणं सगळं होतं, शुगर नव्हती. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपल करून कापून कायमचा काढतात आणि केळ्यासारखी एक बारीक नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिल्या वर्षी भूकच लागत नाही, आणि आतडं जसंच्या तसं राहतं. मला हेच सांगून पटवलं होतं की ताई, आतड्याला हातच लावत नाही त्यामुळे व्हिटॅमिनचा प्रॉब्लेम येत नाही. हे अर्धंच खरं आहे. बी-१२ शरीरात ओढून घ्यायला जठरातच तयार होणारा एक घटक लागतो, लोह नीट सुटायला जठरातलं आम्ल लागतं, आणि जठरच पाव उरलं की दोन्ही कमी होतात. त्यात पोटात जाणारं अन्नच इतकं थोडं की बाकीचंही कमीच पडतं.

आता सर्व्हिसचं. पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलमध्ये केलं त्याचं नाव लिहीत नाही. सर्जरी उत्तम झाली, चार छोटी भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, टाके-बिके काही त्रास नाही, सर्जनच्या हाताला मी मनापासून मानते. पण खाण्याच्या बाबतीत त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं हे पण तितकंच खरं आहे. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत माझं बी-१२ १४२ होतं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते) ११, डी व्हिटॅमिन ९. तिन्ही आकड्यांखाली लाल रेघ होती आणि तरी कुणी म्हणालं नाही की दोन महिने थांबू, आधी हे भरून काढू. पॅकेज ठरलेलं, तारीख ठरलेली. आणि डाएटचा जो छापील कागद हातात दिला त्यात चिकन सूप, अंड्याचं पांढरं, मासे. मी भरतीच्या दिवशीच सांगितलेलं की आम्ही साताऱ्याकडचे, सासरी माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही आणि महिन्याच्या दोन एकादश्या असतात. त्या मुलीने पेनाने चिकन खोडून "दाल" लिहिलं आणि कागद परत दिला.

आता डाळीचा हिशोब मी स्वतः नंतर केला. ऑपरेशननंतर दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला पाहिजे. एक वाटी घट्ट वरणात साधारण ६-७ ग्रॅम. म्हणजे नऊ वाट्या वरण. आणि माझ्या पोटात एका वेळी अर्धी वाटी मावत होती. ज्वारीच्या भाकरीत ३ ग्रॅमच्या आसपास, साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. म्हणजे त्या कागदावर चालले असते तर २० ग्रॅमसुद्धा झालं नसतं, आणि पहिले तीन महिने खरंच झालं नाही. चौथ्या महिन्यात केस जायला लागले, नुसते गळत नव्हते, विंचरताना झुबके हातात यायचे. झपाट्याने वजन उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस थोडे गळतातच आणि बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन, लोह आणि झिंक कमी असलं की ते जास्त गळतात आणि यायलाही वेळ लागतो. माझे परत यायला सव्वा वर्ष गेलं. बाईमाणसाला त्या काळात काय वाटतं ते कागद देणाऱ्यांना कळत नाही.

आणि उलट्यांचं तर सगळ्यांनी नीट वाचा. चौथ्या आठवड्यात मी प्युरीवरून जरा घट्ट खायला लागले, घाईने खाल्लं, आणि जे उलट्या सुरू झाल्या त्या आठ-नऊ दिवस थांबेनात, पाणी पण टिकेना. आपल्याकडे अशा वेळी काय करतात, गावातल्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून येतात. मी पण गेले. नशिबाने त्याच दिवशी मामाच्या डाएटिशियन मॅडमना फोन लागला (ती मामाची, माझ्या हॉस्पिटलची नव्हे) आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, की आधी बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोजचं सलाईन, उलटं करायचं नाही. बी-१ म्हणजे थायमिन, त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सतत उलट्या होत असल्या की तो संपतो आणि अशा वेळी नुसतं साखरेचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिन पण ती साखर जाळण्यात खर्च होतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. डोळे फिरणं, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, ही त्याची लक्षणं, आणि उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. हे स्लीव्ह, बायपास कशातही होऊ शकतं. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी एका चिठ्ठीवर हे लिहून पाकिटात ठेवा, गावातल्या डॉक्टरला दाखवायला. मी अजून ठेवते.

त्या मॅडमकडेच मग मी फी भरून जायला लागले आणि खऱ्या अर्थाने माझं ऑपरेशन तिथे यशस्वी झालं असं मी म्हणेन. त्यांनी पहिल्या भेटीत पाऊण तास फक्त आमच्या स्वयंपाकघराबद्दल विचारलं. सकाळी काय, शेतावर डबा काय, एकादशीला काय. मग बसवून दिलं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, व्हे (दुधाच्या प्रोटीनच्या) पावडरच्या एका मापाच्या चमच्यात २४ च्या आसपास, सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम भिजवून वाटून पिठल्यात घातल्या की १२-१३, मुगाचं धिरडं, घट्ट दही, ताकात पावडर. ताटात आधी प्रोटीन खायचं, मग भाजी, भाकरी शेवटी उरली जागा तर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एकादशीला साबुदाणा बंद, त्याऐवजी राजगिरा, दही, पनीर आणि मूठभर शेंगदाणे. सासूबाईंना वाटलं मी उपास मोडतेय, तर मॅडमनी फोनवर त्यांना समजावलं की पनीर दुधाचंच आहे आजी. अशी माणसं पाहिजेत.

गोळ्यांचं पण त्यांनीच लावून दिलं. आधीच्या हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर कॅल्शियम आणि लोह दोन्ही "जेवणानंतर" लिहिलेलं, म्हणजे मी दोन्ही एकदम गिळत होते आणि वर चहा. कॅल्शियम लोहाला शरीरात जाऊ देत नाही, दोन्हीत कमीत कमी दोन तासांचं अंतर पाहिजे, आणि चहाने तर लोह अडतंच. शिवाय कॅल्शियम दोन जातीचं मिळतं. कार्बोनेटला जिरायला आम्ल लागतं जे आपल्यात आता कमी आहे, म्हणून सायट्रेट घ्यायचं, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर नाही कारण त्यापुढचं वाया जातं. पाळी चालू असलेल्या बाईला लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. बी-१२ रोजची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. मी इंजेक्शन घेते, कारण आमच्यासारख्या शाकाहारी घरात बी-१२ मुळातच तळाला असतं. हे सगळं प्रोटीन पावडर धरून मला महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास जातं. ऑपरेशनचा खर्च विचारताना हा पण धरा, कारण तो एकदाचा नाही, दर महिन्याचा आहे.

स्लीव्हची दुसरी बाजू म्हणजे ॲसिडिटी. नळी अरुंद, आत दाब जास्त, म्हणून आम्ल वर चढतं. मला तिसऱ्या वर्षापासून रात्री घशाशी येतं, उशी उंच लागते. फिनलंडमध्ये २४० पेशंटवर स्लीव्ह आणि मोठा बायपास यांची तुलना केली होती, त्याचे दहा वर्षांचे निकाल २०२२ मध्ये आले. त्यात एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून बघतात ती) अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्क्यांना दिसली आणि बायपासवाल्यांत ७ टक्क्यांना. वजन पण बायपासमध्ये थोडं जास्त उतरलेलं टिकलं. ज्याला आधीच जळजळ आहे त्याने स्लीव्ह करताना दहादा विचार करावा. आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की त्यानेही बी-१२ आणि लोह अजून खाली जातं, हे एक चक्रच आहे. माझं वजन ७१ पर्यंत उतरलं होतं, आता ७८ आहे. ३४ किलो कमी राहिले, गुडघे चालतात, घोरणं गेलं. मला ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही, आधी तयारी न करता केलं याचा आहे.

मामाचं वेगळं. तो रत्नागिरीचा, १३१ किलो, आणि हायटस हर्नियामुळे (जठराचा वरचा भाग छातीत सरकतो तो) छातीत जळजळ इतकी की बसून झोपायचा. त्याच्या सर्जनने स्वतःहून सांगितलं की तुला स्लीव्ह करणार नाही. मोठ्या बायपासमध्ये वरती साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात, तिला खालचं आतडं आणून जोडतात आणि आतड्याला आतड्याशी दुसरा जोड देतात. वाय अक्षरासारखं दिसतं ते, आणि आर-वाय मधला आर म्हणजे रू (Roux), त्या जोडणीच्या स्विस सर्जनचं आडनाव. पित्त लांब खाली जाऊन मिसळतं म्हणून वर चढत नाही. मामाची जळजळ ऑपरेशनच्या आठवड्यातच थांबली, ती आजतागायत. पण जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात वाटेतून बाहेर जाते आणि लोह, कॅल्शियम नेमकं त्या सुरुवातीच्या भागातच जास्त ओढलं जातं. त्यामुळे मासे, मटण, अंडी सगळं खाणारा माणूस असूनही तिसऱ्या वर्षी मामाचं हिमोग्लोबिन ९ वर आलं, गोळ्यांनी हलेना, शेवटी शिरेतून लोह द्यावं लागलं. तांबं, झिंक हेही बायपासवाल्यांचं तपासायला लागतं, ते बहुतेक लॅबच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं, वेगळं सांगावं लागतं.

आणि आमरस. कोकणातला माणूस, मे महिना, पहिल्या वर्षी त्याने एक वाटी हापूसचा रस घेतला. वीस मिनिटांत घामाने भिजला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा, आडवाच झाला, मामीला वाटलं हार्ट अटॅक. त्याला डम्पिंग म्हणतात. गोड थेट आतड्यात ओतलं जातं आणि शरीर गडबडतं. कधी दोन-तीन तासांनी उलट शुगर एकदम खाली जाते ते वेगळं. आता तो आंबा फोडी करून खातो, दोन फोडी, जेवणात मासे खाऊन झाल्यावर, आणि काही होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बायपासवाल्याने अंगदुखी-गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू, सिगारेटनेही तेच. मामाची तंबाखू सर्जनने ऑपरेशनच्या आधी सोडायला लावली, सुटल्याशिवाय तारीखच दिली नाही. मला तेव्हा तो डॉक्टर फार कडक वाटला होता, आज वाटतं असाच पाहिजे.

आता जाऊबाई. १२४ किलो, सोळा वर्षांची शुगर, दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्यांना मिनी बायपास सुचवला. हा १९९७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी सुरू केला, आपल्याकडे बराच होतो. यात लांब नळीसारखी पिशवी आणि दोनाऐवजी एकच जोड, म्हणून वेळ कमी लागतो. शुगरवर काय परिणाम झाला ते मी डोळ्यांनी बघितलंय, दहाव्या दिवशी इन्सुलिन बंद, वजन दोन वर्षांत ६९. फोटो बघून सगळे म्हणायचे हेच बेस्ट. पण दीड वर्षाने त्यांच्या पायावर सूज यायला लागली, दाबलं की खड्डा राहायचा. संडासला तेलकट, पाण्यावर तरंगणारं, वास असा की त्या पाहुण्यांकडे राहायला जाईनात. लाजेने कुणाला सांगितलं नाही सहा महिने. तपासलं तर अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) २.६, हिमोग्लोबिन ८.४. म्हणजे खाल्लेलं प्रोटीन आणि चरबी नीट जिरतच नव्हती. बी-१२ चं तर विचारूच नका, आधीच शाकाहारी त्यात कित्येक वर्षं शुगरची मेटफॉर्मिन, ती गोळी पण बी-१२ कमी करते.

तेव्हा कळलं की मिनी बायपासमध्ये "मिनी" फक्त नावात आहे. किती सेंटिमीटर आतडं बाजूला टाकलं यावर सगळं अवलंबून असतं आणि हा आकडा डिस्चार्ज कार्डावर असतो पण पेशंटला कुणी सांगत नाही. जाऊबाईंचा होता २०० च्या वर. फ्रान्समध्ये २५३ पेशंटवर मिनी आणि मोठ्या बायपासची तुलना झाली, २०१९ मध्ये छापून आली, तिथेही मिनीत २०० सेंटिमीटरच ठेवलं होतं. दोन वर्षांत वजन दोघांचं सारखंच उतरलं, पण जुलाब, तेलकट संडास आणि पोषणाच्या गंभीर अडचणी मिनीत जास्त. शाकाहारी माणसाचं प्रोटीन मुळात काठावर असतं, त्याला एवढं लांब आतडं टाकून देणं परवडत नाही असं मला तरी वाटतं. कुणाला मिनी सुचवला तर ऑपरेशनच्या आधीच विचारा, किती सेंटिमीटर ठेवणार आणि का. जाऊबाईंना ॲडमिट करून शिरेतून लोह, मग रोजचं प्रोटीन ९० ग्रॅमपर्यंत नेलं, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या. आठ महिन्यांनी अल्ब्युमिन ३.५ वर आलं. नसतं आलं तर आतडं परत जोडायचं दुसरं ऑपरेशन सांगितलं होतं. शुगर मात्र अजूनही ताब्यात आहे, आणि त्या स्वतः म्हणतात की पुन्हा वेळ आली तर बायपासच करीन पण असा एकटीने सहन करणार नाही. त्यांचा शब्द मी इथे मुद्दाम लिहितेय.

जठराला गळपट्ट्यासारखा बँड बसवतात तो आता फारसा कुणी बसवत नाही, सरकतो, रुततो, खूप जणांचे काढावे लागले. जठरात फुगा ठेवतात तो बलून म्हणजे ऑपरेशन नाही, काही महिन्यांनी निघतो. ड्युओडेनल स्विच आणि साडी (SADI), म्हणजे स्लीव्ह करून वर बरंच आतडंही बाजूला टाकायची ऑपरेशनं, ही सगळ्यात जोरदार, खूप जास्त वजनासाठी, पण त्यात चरबीत विरघळणारी ए, डी, ई, के ही चारही व्हिटॅमिनं आयुष्यभर जपावी लागतात. मी यातलं जवळून कुणाचं बघितलेलं नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. डॉक्टरांच्या आपल्याकडच्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० च्या खाली असला तरी, आणि शुगर-बीपीसारखे आजार असले तर त्याहूनही कमी असला तरी ऑपरेशन सुचवतात. पण इन्शुरन्सवाल्यांचा नियम ४० चा आहे, किंवा ३५ आणि सोबत काबूत नसलेली शुगर, हृदयाचा त्रास किंवा गंभीर स्लीप ॲपनिया (झोपेत श्वास अडकणं). म्हणजे मधल्या माणसाला डॉक्टर हो म्हणतो आणि क्लेम नाही म्हणतो. आधी लेखी मंजुरी घ्या.

सध्या आमच्या धाकट्या नणंदेचं चाललंय. २९ वय, बीएमआय ३९, अजून मूल नाही, आणि जळजळ होते. तिला एका ठिकाणी पहिल्याच भेटीत स्लीव्हचं पॅकेज काढून दिलं, दिवाळीआधी सूट म्हणून. मी तो कागद बाजूला ठेवायला लावला. तिला आधी एंडोस्कोपी करायला सांगितलीय, बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोह सुरू केलंय, फॉलिक ॲसिडचं मॅडम बघतायत, कारण ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात आणि त्यानंतरच्या बाळाला लागणारं सगळं तिच्याच रक्तातून जाणार आहे. गेल्या सोमवारी तिचं फेरिटिन १४ चं ३१ झालं. एंडोस्कोपी पुढच्या आठवड्यात आहे, ती झाली की कुठलं ऑपरेशन ते ठरवू.